नमुना क्रमांक सात

मोबाइलवर आलेली क्लिप कोणी पाठवलीय हे न बघताच दमयंतीनं अंगठ्यानं दाबली, आणि ओट्यावर, दुधीच्या फोडींशेजारी, तिच्या सासूचा, मैनाचा, आवाज खणखणीत उमटला: "दर पत्रामागं मी तिला एक फणस न्हायतर चार काकड्या नेऊन द्यायची..." सासू तेव्हा ओट्यापाशी नव्हती. ती बाहेर गॅलरीत कुळीथ पाखडत बसली होती. दमयंतीचा ओला अंगठा काचेवरून दोनदा घसरला, आवाज बंद व्हायला तीन-चार सेकंद गेले, आणि तेवढ्यात बाहेर सुपाची सळसळ थांबली.

"कोण बोलतंय गो?"

"कोणी नाही, आई. व्हिडिओ आलाय कुणाचातरी."

"आमच्याच बाजूची दिसतेय बाय," मैना म्हणाली. "देवरुखाकडची. बरी बोलतेय." आणि सूप पुन्हा सुरू झालं.

माणूस स्वतःचा आवाज अर्धा हवेतून आणि अर्धा कवटीच्या हाडांतून ऐकतो, म्हणून यंत्रातून ऐकला की तो परका वाटतो, असं दमयंतीनं पहिल्या सत्रात ध्वनिविज्ञानाच्या पेपरात लिहिलं होतं. त्या उत्तराला दहापैकी आठ मिळाले होते. आता ते आठ मार्क तिच्या कानांच्या पाळ्यांपर्यंत गरम होत चढले. तिनं नळ सोडला, हात धुतले, धुतलेलेच हात पुन्हा धुतले, आणि मग क्लिपखालचा वेदिका मॅडमचा मजकूर वाचला. मॅडम अभ्यासकेंद्राच्या समन्वयक. 'रविवारी नव्या बॅचसाठी विषयनिवडीची बैठक आहे. भाषाविज्ञानाकडे मुलं वळावीत म्हणून तुमचा नमुना क्रमांक सात ऐकवणार. इतका जिवंत नमुना आपल्याकडे आलाच नव्हता. सासूबाईंना नक्की आणा, शाल-श्रीफळ देऊ. तुम्ही क्षेत्रकार्य घेताय ना? फॉर्म आज पाचपर्यंत.' शेवटी हात जोडलेले दोन पिवळे पंजे.

फॉर्मचा तक्ता गेले पंधरा दिवस फ्रिजवर चिकटलेला होता, जुन्या कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानाच्या कोऱ्या पाठीवर. डावीकडे तत्त्वज्ञान, उजवीकडे भाषाविज्ञान, मध्ये आरोहीच्या खडूंनी काढलेले बाण. संयुक्त एम.ए.चं हे असंच होतं. चार विषय घ्यायचे, पण दोन्ही बाजूंचा किमान एक हवा. ज्ञानमीमांसा घेतली तर भाषेचं तत्त्वज्ञान पुढच्या सत्रात ढकलावं लागतं. आणि क्षेत्रकार्य, म्हणजे माणसांत जाऊन त्यांची बोली टिपण्याचा पेपर, या सत्रात घेतला तरच शेवटच्या सत्रात लघुप्रबंध लिहिता येतो. लघुप्रबंध म्हणजे शंभर पानं, कापडी बांधणी, कव्हरवर सोनेरी अक्षरांत नाव. दमयंतीनं ते नाव मनात कितीदा तरी छापून पाहिलं होतं. बी.कॉम. होऊन दुसऱ्याच वर्षी लग्न, मग आरोही, मग नवऱ्याच्या, गुरुप्रसादच्या, जयगडच्या शिफ्टा, आणि रत्नागिरीत साळवी स्टॉपच्या या दोन खोल्यांत ताप मोजणं, डबा भरणं, शाळेची व्हॅन दोन मिनिटं उशिरा आली तर चपला न घालता खाली धावणं. रविवारच्या वर्गात बसली की मात्र ती कोणाची आई नसायची. फळ्यावर मॅडम लिहायच्या, 'अर्थ कुठे असतो?' आणि दमयंतीला वाटायचं, आपण पाण्याबाहेर डोकं काढून श्वास घेतोय. सगळे लाल बाण अखेर जाऊन क्षेत्रकार्याच्या चौकटीला लागत होते, आणि क्षेत्रकार्याला प्रवेश मिळत होता तो नमुना क्रमांक सातच्या मार्कांवर.

तो नमुना मे महिन्यातला. गावाहून दोन पोती रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आले होते. गॅलरीत वर्तमानपत्रं पसरून मैना ते फोडत बसली होती, बोटं मनगटापर्यंत जांभळी झालेली, आणि समोर चार वर्षांची आरोही बिया मोजत होती. प्रत्येकानं घरच्या किंवा शेजारच्या माणसाचं पंधरा मिनिटांचं बोलणं आणायचं होतं. बाकीच्यांनी केलं तसं दमयंतीनं आधी केलंही होतं, समोर फोन धरला आणि म्हणाली, "आई, काहीतरी बोला." मैना ताठ बसली, पदर सारखा केला आणि पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली, "माझे नाव मैना. मी रत्नागिरीला राहते." तो नमुना कुचकामी होता. मग दमयंतीनं फोन खिडकीच्या गजाआड, तुळशीच्या कुंडीमागे उपडा ठेवला आणि आत येऊन भांडी घासत बसली. तिला फक्त आवाज हवे होते. स्वर कुठे लांबतात, हेल कुठे चढतो. शब्दांतून काय येईल याचा विचार तिच्या मनाला शिवलाच नव्हता. निदान ती स्वतःला तसं सांगत आली होती.

शब्दांतून आलं ते हे. महिपत, म्हणजे दमयंतीचे सासरे, लग्नानंतर पाच वर्षं मुंबईला गिरगावात एका खाणावळीत कामाला होते. महिन्याला पत्र यायचं. मैनाला वाचता येत नव्हतं, म्हणून ती पत्र घेऊन मास्तरीणबाईंकडे जायची. बाई वाचायच्या: सर्व खुशाल आहे, आईच्या गुडघ्याला तेल लाव, पावसाआधी पेंढा भरून घे. मैना जाताना काहीतरी घेऊन जायची, रिकाम्या हातानं वाचून घ्यायचं कसं? महिपत परत आले ते खोकला घेऊन, मग गुरुप्रसाद झाला, संसार झाला. महिपत गेले त्या वर्षी मैनानं ट्रंकेतली पत्रं सहज म्हणून भाचीला वाचायला सांगितली. तिसऱ्याच पत्रात होतं, 'मी इकडे दुसरे घर केले आहे. तू तुझ्या वडिलांकडे जाऊन राहावेस, माझी हरकत नाही.' पुढच्या अकरा पत्रांत त्या घराचं काही ना काही होतं. बाईंनी ते सगळं गाळून पेंढा आणि गुडघे तेवढे वाचले होते. "वाडीला ठाव व्हतं," टेपमध्ये मैना नातीला सांगत होती, रातांबा फुटल्याचा ओला आवाज मधूनमधून. "पानवट्यावर मी गेली का समद्या गप. मना वाटायचं, मी आली म्हनून मान देतायत." इथे ती हसली होती. "त्याचं काय गो, तो पुरुष. पन तिनं वाचायला पायजे व्हतं. कागद माजा व्हता." आणि आरोहीचा आवाज, "आजी, माझ्या सतरा बिया झाल्या."

हे मैनानं कोणालाही सांगितलेलं नव्हतं. गुरुप्रसादला तर नाहीच. त्याच्या पाकिटात अजून बापाचा फोटो होता. तिनं ते समजणार नाही अशा एकाच माणसाला सांगितलं होतं. आणि दमयंतीनं कानात इअरफोनची बोंडं घालून ते सात वेळा ऐकलं, ओळीओळीनं उतरवून काढलं, बाजूला खुणा केल्या. प्रस्तावनेत लिहिलं: 'निवेदिका अशिक्षित असल्याने नमुना अस्सल आहे.' तेव्हा ते वाक्य तिला नेटकं वाटलं होतं. तिचे वडील मराठीचे मास्तर. लहानपणी जेवताना एखादा शब्द शाळेतल्या मुलांसारखा तोंडातून गेला की त्यांचा घास थांबायचा. ओरडायचे नाहीत, फक्त थांबायचे, आणि तिनं तो शब्द धुऊन पुसून पुन्हा म्हटला की चावायला लागायचे. दमयंती आरोहीशी तेच करत होती. 'व्हतं नाही राजा, होतं.' आजीसमोर. रोज. आणि रविवारी तेच 'व्हतं' ती वर्गात न्यायची, त्याचे मार्क मिळवायची.

पण सगळ्यांत वाईट ते नव्हतं. सगळ्यांत वाईट कागद होता. नमुन्याला संमतिपत्र जोडायचं होतं: माझे बोलणे अभ्यासासाठी ध्वनिमुद्रित केल्याचे मला सांगण्यात आले आहे, त्याचा उपयोग मला समजावून देण्यात आला आहे, ते इतरांना ऐकवण्यास माझी हरकत नाही. मुदतीच्या आदल्या दिवशी दमयंती तो कागद घेऊन गॅलरीत गेली आणि तोंडातून भलतंच आलं. "आई, गॅसचं केवायसी आहे. इथे सही हवी." खरं सांगितलं तर पुसायला सांगतील, हे तिला गॅलरीत जाण्याआधीच ठाऊक होतं. मैनानं हात पुसले. चष्मा मागितला, वाचायला तिला चष्मा लागत नव्हता, सहीला लागायचा. प्रौढ वर्गात शिकलेली ती सही तिनं पाटावर कागद दाबून, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून काढली, मात्रा देताना पेन उचलून एकदा लांबून पाहिलं. "बरी आली ना?" असं विचारलंही. कागदाच्या कोपऱ्यावर अंगठ्याचा जांभळा डाग पडला. स्कॅनमध्ये तो काळा दिसतो.

सव्वाबाराला दमयंतीनं बेडरूमचं दार लोटून मॅडमना फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, फक्त ते ऐकवणं थांबवायचं होतं.

"मॅडम, तो नमुना... रविवारी नको ऐकवायला."

"का हो? मी तर स्पीकरसुद्धा मागवून ठेवलाय."

"घरगुती आहे ना ते. बरं नाही वाटत."

"सासूबाई लाजल्या वाटतं! माझी आईपण अशीच. बरं, नको तर नको, मी दुसरा लावते. पण संमतिपत्र आहे ना आपल्याकडे?"

"आहे."

"मग झालं तर. आपल्याच फाइलीत राहील, बाहेर कोणाला कळायचंसुद्धा नाही. तुम्ही क्षेत्रकार्य मात्र सोडू नका हं, दमयंती. पाचच्या आत सबमिट करा, मागच्या वेळी साइट शेवटच्या अर्ध्या तासात लटकली होती."

फोन ठेवला आणि तिला इतकं हलकं वाटलं की ती पलंगावर आडवीच झाली. सुटले. रविवारी काही वाजणार नाही, गुरुप्रसादला काही कळणार नाही, बाण आहेत तिथेच राहतील, सोनेरी अक्षरंही राहतील. आणि आईंना उगाच कशाला त्रास, या वयात, रक्तदाबाची गोळी चालू असताना. हे शेवटचं वाक्य मनात अगदी मऊपणानं आलं, आणि त्या मऊपणानंच ती दचकली. मास्तरीणबाईंनाही असंच वाटलं असणार. समोर एक बावीस-तेवीस वर्षांची पोर, पदरात काकड्या, चेहरा उत्सुक. उगाच कशाला त्रास. त्या बाईनं काय वाईट चिंतलं होतं? तिनं फक्त काही ओळी मनातल्या मनात वाचल्या, आणि एका बाईची पाच वर्षं गुडघ्यांना तेल लावण्यात गेली.

एक वाजता व्हॅन आली. आरोहीचं कपाळ चाचपून, मोजे काढून, दमयंतीनं पानं घेतली. कुळथाची पिठी, भात, दुधीची भाजी. मैना नेहमीसारखी नातीला आधी भरवून मग आपल्या पानाकडे वळली. वळता वळता थांबली.

"गो, ती सकाळची बाय कोन व्हती?"

"कुठली, आई?"

"फोनातली. पत्रामागं काकड्या द्यायची म्हनत व्हती ती. तिची पन कोन वाचायची काय पत्रं?"

दमयंतीनं भातात पिठी कालवली. पुन्हा कालवली.

"माहीत नाही हो. तेवढंच होतं."

"असंल," मैना म्हणाली. "तेव्हा वाडीवाडीतून असंच व्हतं. समदे मुंबईला." थोडा वेळ ती जेवली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मना वाटायचं, माजंच तेवडं झालं. बिचारी. आमच्या बाजूचीच हाय तर भेटायला काय हरकत? इचार कर ना कोनाला, कुटं राहाते."

"आजी, मलापण ने त्या आजीकडे," आरोही म्हणाली. "ती व्हती ना, तिच्याकडे." आणि आईकडे बघून घाबरून, "होती."

दमयंतीचा घास घशात अडकला. खरंच अडकला, मैनानं उठून पाठीत थाप मारली, पाणी दिलं, "सावकास गो, कोन मागं लागलाय," म्हणाली, आणि तो खरबरीत तळवा पाठीवर जरा जास्त वेळ राहिला. त्या तळव्याखाली दमयंतीला आपलं अंग आकसत आकसत इतकं लहान होतंय असं वाटलं की आता ते सुपात मावेल आणि पाखडल्यावर फोलपटांबरोबर उडून जाईल. असं झालं असतं तर किती बरं. पण आपण बसलोय. आपल्या पानात भात आहे. समोर एक बाई आहे, जिला तिच्यासारखीच दुसरी कोणीतरी आहे असं आपण वाटू दिलंय, आणि ती आता त्या दुसरीचा पत्ता विचारतेय.

आरोही झोपल्यावर तीन वाजून गेले. दमयंतीनं कपाटातली फाइल काढली. संमतिपत्राची मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत होती. गॅलरीत ती सासूसमोर खाली फरशीवर बसली, तर मैना म्हणाली, "पाट घे, फरशी गार हाय." तिनं पाट घेतला नाही.

"आई, हा कागद तुमचा आहे. मेअखेर सही घेतली होती ना, ती. गॅसचा नव्हता हा."

मैनानं सूप मांडीवर टेकवलं. दमयंती वाचायला लागली. शीर्षक वाचलं, विद्यापीठाचं नाव, पत्ता, नमुना क्रमांक. मला सांगण्यात आले आहे. मला समजावून देण्यात आले आहे. माझी हरकत नाही. खाली तारीख. ठिकाण. सही. वाचून झाल्यावर ती बोलली ते वाक्यांत नव्हतं, तुकड्यांत होतं: मे महिना, रातांबे, तुळशीची कुंडी, पंधरा मिनिटं. "सकाळची ती बाई," ती म्हणाली, आणि बोट सहीवर ठेवलं.

मैनानं सुपातले कुळीथ बोटांनी पसरले. एक खडा दिसला, तो वेचून गॅलरीबाहेर टाकला.

"परत वाच."

दमयंतीनं परत वाचलं.

"पयल्यांदा वाचलास त्यात काय सोडलंवतंस?"

"काही नाही. शप्पथ."

"शपता नको घालू. कोनी कोनी ऐकलंन?"

"मॅडमनी. आणि पेपर तपासणाऱ्या दोघांनी."

"परसादनं?"

"नाही."

"त्याला सांगायचं तं मी सांगीन. तू नाय." मग हात पुढे केला. "लाव."

दमयंतीनं फोनवर सगळंच्या सगळं लावलं, पंधरा मिनिटं. मैना मान एका बाजूला कलती ठेवून ऐकत होती, परक्या घरात बोलावणं आल्यासारखी अवघडून. खाली रस्त्यावरून मासे विकणारी बाई ओरडत गेली, तेव्हा तिनं हातानं 'थांबव' अशी खूण केली, आवाज लांब गेल्यावर 'चालव' अशी. पानवठा आला. समद्या गप. टेपमधली बाई हसली.

"हसतेय कशाला मी?" मैना म्हणाली.

तिनं ते खरोखरच विचारलं होतं. उत्तर असेल तर हवं होतं. दमयंतीनं वर्षभर अर्थ कुठे असतो ते शिकून घेतलं होतं, तिच्या वहीत त्यावर बत्तीस पानं होती, आणि ती खाली मान घालून फरशीवरचं एक कुळथाचं फोलपट बोटानं दाबत राहिली.

टेप संपल्यावर मैनानं कागद मागून घेतला, चौघडी केली आणि कमरेला खोचला. "हा माज्याकडं ऱ्हाईल. त्या बाईकडचं पुसायला सांग." उठताना तिनं गुडघ्यावर हात दिला. "आनि तुजं ते शिकायचं काय असंल ते शिक. माज्यावर नको."

चार वाजून पस्तीस मिनिटांनी दमयंतीनं मॅडमना लिहिलं: 'नमुना सातसाठी संमती घेतलेली नव्हती. मी गॅसचा कागद आहे असं खोटं सांगून सही घेतली. नमुना आणि त्याचे मार्क काढून टाकावेत. क्षेत्रकार्य घेत नाही.' लिहिताना 'गैरसमजातून' असा एक शब्द मध्ये आला होता, तो तिनं खोडला. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर आलं नाही. 'टाइप करत आहे' असं दोनदा दिसलं आणि विझलं. मग तिनं फॉर्म उघडला. ज्ञानमीमांसा, अर्थविज्ञान, भाषेचा इतिहास, आणि चौथ्या चौकटीत नीतिशास्त्र, कारण वेळेच्या गणितात तेच बसत होतं. नीतिशास्त्रावर टिचकी मारताना तिला कोणी बघतंय असं वाटून मागे पाहावंसं वाटलं. फ्रिजवरचा तक्ता तिनं काढला नाही. लाल बाण तसेच एका चौकटीला टेकलेले राहिले.

संध्याकाळी दिवे लागल्यावर ती नेहमीप्रमाणे गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन गेली. आज नवी डबी फोडली होती. आतला घडीचा पातळ कागद चुरगळून ती कचऱ्यात टाकणार, तोच मैना म्हणाली, "तो कसला?"

"गोळीबरोबर येतो, आई. असाच."

"वाच."

दमयंतीनं तो चुरा उलगडला. उलगडता उलगडता तो वीतभर झाला, मग दोन वीत, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांनी भरलेला. ती दिव्याखाली सरकली आणि एकेका वाक्याचं मराठी करत वाचायला लागली. गोळीत काय आहे. कशासाठी आहे. कोणी घेऊ नये. कुठे ठेवावी. मैनाचे डोळे मिटलेले होते, पण जरा थांबलं की उघडत होते. मग दुष्परिणाम आले. दमयंतीची जीभ सवयीनं जड झाली. नजर पुढच्या ओळीवर जाऊन पोचलीसुद्धा होती. तिनं ती ओढून मागे आणली.

"डोकं दुखणं," ती म्हणाली. "चक्कर. छातीत धडधड. घोट्यांना, पावलांना सूज."

"ती हाय की मना," मैना म्हणाली. "दिवाळीपासून."

तिनं लुगड्याचा काठ वीतभर वर घेतला. घोटे दिसतच नव्हते. पाय सरळ पावलात उतरले होते, आणि चपलेच्या पट्ट्याची खोल खूण वर उमटलेली होती. दमयंती आरोहीचे श्वास झोपेत मोजायची. या पायांशेजारून ती रोज केर काढत होती.

"उद्याच डॉक्टरांकडे जाऊ, आई," ती म्हणाली, आणि कागद खाली ठेवायला गेली.

"जाऊ," मैना म्हणाली. "मागच्या बाजूला काय हाय?"

दमयंतीनं कागद उलटा केला.